औषधाची जाहिरात : कायदा, सार्वजनिक धोरण आणि वैद्यधर्म

औषधांच्या जाहिरातींचा विषय निघाला की आपल्या बैठकांमध्ये बहुधा दोनच सूर ऐकू येतात. आयुर्वेदावरच एवढे निर्बंध का, हा एक. आणि दूरचित्रवाणीवर झळकणाऱ्या बाजारू उत्पादकांनी शास्त्राची अप्रतिष्ठा केली, हा दुसरा. दोन्हींत तथ्य आहे. परंतु या दोन सुरांच्या गलक्यात मूळ प्रश्न विचारलाच जात नाही. सज्ञान, स्वतंत्र नागरिकाला एखाद्या औषधाविषयी काही सांगण्यास राज्यसंस्थेने मनाई करावी काय, आणि करावयाची तर कोणत्या आधारावर? विधिशास्त्राच्या अभ्यासकांनी या प्रश्नाचा दीर्घकाळ ऊहापोह केलेला आहे आणि त्या ऊहापोहाच्या मध्यभागी वारंवार औषधेच आलेली आहेत. आपल्या वाचकवर्गाला, विशेषतः औषधालये व फार्मसी चालविणाऱ्या बांधवांना, हा इतिहास ज्ञात असणे आवश्यक आहे; कारण त्यांच्या दुकानाच्या काचेवर चिकटवलेले भित्तिपत्रकही या कायद्याच्या कक्षेत येते.

कार्बोलिकच्या धुराचा गोळा

जगभरातील विधी महाविद्यालयांत पहिल्याच वर्षी शिकविला जाणारा एक खटला औषधाच्या जाहिरातीवरचा आहे, ही गोष्ट आपल्याला मौजेची वाटेल. लंडनमधील एका कंपनीने १८९१ साली, इन्फ्लुएंझाची साथ चालू असताना, कार्बोलिक अ‍ॅसिडची पूड भरलेला रबरी गोळा विकावयास काढला. त्यातून निघणारा धूर नाकावाटे आत घ्यावयाचा. (नस्य आणि धूमपान यांची आठवण होणाऱ्या वाचकांनी कृपया तुलना तेथेच थांबवावी.) सांगितल्याप्रमाणे दिवसातून तीन वेळा दोन आठवडे वापर करूनही ज्यास इन्फ्लुएंझा होईल त्यास १०० पौंड देऊ, आणि आमच्या प्रामाणिकपणाची खूण म्हणून १,००० पौंड बँकेत ठेवले आहेत, अशी जाहिरात वृत्तपत्रात आली. श्रीमती कार्लिल यांनी गोळा नेमाने वापरला आणि जानेवारी १८९२ मध्ये त्या इन्फ्लुएंझाने आजारी पडल्या. त्यांनी पैसे मागितले. जाहिरात म्हणजे केवळ फुशारकी, ती कोणी खरी मानावयाची नसते, असा बचाव कंपनीने केला. अपील न्यायालयाने १८९२ च्या डिसेंबरात तो फेटाळला. बँकेत पैसे ठेवल्याचे सांगणारा माणूस थट्टा करीत नसतो, असा न्यायालयाच्या युक्तिवादाचा आशय होता.

येथे एक सूक्ष्म मुद्दा लक्षात घ्यावा. तो गोळा इन्फ्लुएंझावर उपयोगी आहे की नाही, हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हताच. कराराचा कायदा फक्त वचन पाहतो. उत्पादकाने १०० पौंडांचे वचन गाळून नुसतेच 'इन्फ्लुएंझावर रामबाण' असे छापले असते, तर बाईंच्या हाती त्या कायद्याने काहीही पडले नसते. शिवाय नुकसान झाल्यावर, आणि तेही न्यायालयात जाण्याइतकी ऐपत व चिकाटी असलेल्यालाच, भरपाई मिळणार. व्याधीच्या बाबतीत गेलेला काळ भरपाईने परत येत नाही, हे वैद्याला निराळे सांगावयास नको. करारकायद्याची ही मर्यादा उघड झाल्यामुळेच पुढे निरनिराळ्या देशांत औषधांच्या जाहिरातींसाठी स्वतंत्र कायदे करावे लागले.

१९५४ चा कायदा : खरे बोलण्यासही मनाई

आपल्याकडे 'औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४' हा तो कायदा. व्यवहारात आपण त्यास मॅजिक रेमेडीज अ‍ॅक्ट म्हणतो आणि नावातील 'जादुई' या शब्दामुळे तो ताईत-गंडे विकणाऱ्यांसाठी आहे, असा आपल्यापैकी अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. ताईत-मंत्रांसाठी त्यात कलम ५ आहे. परंतु कायद्याचा कणा कलम ३ व कलम ४ हा आहे. कलम ४ दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना मनाई करते. औषधाच्या स्वरूपाविषयी खोटा समज करून देणे, खोटा दावा करणे, हे त्यात येते. हे समजण्यासारखे आहे. कलम ३ मात्र याहून पुष्कळच पुढे जाते. गर्भपात व गर्भनिरोध, कामशक्ती वाढविणे, स्त्रियांच्या आर्तवविकृती, आणि परिशिष्टात नमूद केलेले ५४ व्याधी व अवस्था यांचे निदान, उपचार वा प्रतिबंध यांसाठी अमुक औषध वापरा, असे सुचविणारी कोणतीही जाहिरात या कलमाने निषिद्ध ठरते. दावा खरा की खोटा, हा प्रश्न कलम ३ विचारतच नाही. दावा खरा असला तरीही जाहिरात निषिद्धच.

परिशिष्ट एकदा प्रत्येकाने स्वतः वाचावे. मधुमेह, कर्करोग, हृद्रोग, रक्तदाब, अपस्मार, मोतीबिंदू, मूतखडा, श्वित्र, पक्षाघात, स्थौल्य, आमवात-संधिवाताचा वर्ग, इतकेच नव्हे तर 'सर्वसाधारण ज्वर' आणि 'सर्वसाधारण स्त्रीरोग' हेही त्यात आहेत. मुळात त्यात देवी या रोगाचाही समावेश होता. तो रोग देशातून १९७० च्या दशकातच गेला. यावरून या यादीच्या वयाची कल्पना यावी. 'जाहिरात' या शब्दाची व्याख्याही तितकीच व्यापक आहे : सूचनापत्र, परिपत्रक, लेबल, वेष्टन, तोंडी केलेली घोषणा, इतकेच काय प्रकाश, ध्वनी वा धूर यांच्या साहाय्याने केलेली घोषणासुद्धा. विमानाने आकाशात धुराची अक्षरे काढून जाहिरात करण्याचा तो काळ होता. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे भ्रमणध्वनी नव्हता. तरीही 'प्रकाश वा ध्वनी' ही शब्दयोजना आजच्या पडद्यांनाही लागू पडण्याइतकी ऐसपैस आहे, असे मला वाटते.

औषधविक्रेत्यांनी विशेष ध्यानात ठेवावयाची गोष्ट अशी की, कलम ३ 'उत्पादकाने जाहिरात करू नये' असे म्हणत नाही. जाहिरात प्रसिद्ध करण्यात कोणत्याही व्यक्तीने भाग घेऊ नये, असे म्हणते. कंपनीच्या प्रतिनिधीने आणून दिलेले 'डायबेटिसपासून मुक्ती' असे रंगीत पत्रक गल्ल्यावर ठेवणारा दुकानदार हा त्या प्रसिद्धीत भाग घेतो काय? कायद्याच्या शब्दांवरून तरी उत्तर होकारार्थी येते. 'आम्ही फक्त ठेवतो, छापले कंपनीने' हा खुलासा आपण एकमेकांना नेहमी देतो. तो न्यायालयात कितपत टिकेल, याविषयी मला शंका आहे.

वैद्यांसाठी कलम १४ महत्त्वाचे. नोंदणीकृत चिकित्सकाने स्वतःच्या जागेत लावलेला, अमुक व्याधींवर येथे उपचार केले जातात असे सांगणारा फलक, प्रामाणिक वैज्ञानिक वा सामाजिक दृष्टिकोनातून लिहिलेला ग्रंथ, आणि विहित पद्धतीने केवळ नोंदणीकृत चिकित्सकांना गोपनीय रीतीने पाठविलेली औषधविषयक माहिती, या गोष्टींना तेथे सूट आहे. म्हणजे चिकित्सालयाच्या दारावर 'मधुमेहावर आयुर्वेदीय चिकित्सा' असे लिहिणे आणि तोच मजकूर एखाद्या औषधाच्या नावासह वर्तमानपत्रात घालून घरोघर वाटणे, यांत कायद्याच्या दृष्टीने मूलभूत अंतर आहे. पहिल्यात रुग्णाने वैद्याकडे यावे अशी अपेक्षा आहे. दुसऱ्यात वैद्याला वगळूनच रुग्ण औषधापर्यंत पोहोचतो.

हमदर्दचा निकाल

या कायद्याला आव्हान मिळणे अपरिहार्य होते, आणि ते मिळाले ते देशी वैद्यकाच्या क्षेत्रातूनच. दिल्लीच्या हमदर्द दवाखान्याने व अन्य उत्पादकांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. युनानी व आयुर्वेदीय औषधे लोकांपर्यंत पोहोचविण्याचा जाहिरात हाच मार्ग आहे. ती बंद करणे म्हणजे संविधानाच्या अनुच्छेद १९ ने दिलेल्या भाषणस्वातंत्र्यावर व व्यवसायस्वातंत्र्यावर घाला आहे, असे त्यांचे म्हणणे. १८ डिसेंबर १९५९ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला. जाहिरात हा अभिव्यक्तीचा एक प्रकार खरा, परंतु तिचे खरे स्वरूप ती कशासाठी केली जाते यावरून ठरते; व्यापारवृद्धीसाठी केलेली औषधांची जाहिरात ही विचारांची मुक्त अभिव्यक्ती नव्हे, असे न्यायालयाने ठरविले. आणि कायद्याचा हेतू काय, तर लोकांनी स्वतःच स्वतःचे निदान करून स्वतःच औषध घेण्याची प्रवृत्ती रोखणे.

या निकालाची दुसरी बाजू आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. याचिकाकर्ते सर्वस्वी हरले नाहीत. आणखी कोणतेही व्याधी सरकारला नियमांद्वारे यादीत घालता येतील, असा जो अधिकार कायद्याने दिला होता, तो न्यायालयाने रद्द केला. कारण कोणत्या निकषावर व्याधी निवडावयाचे याचे कसलेच मार्गदर्शन कायद्यात नव्हते. जप्तीचा अनिर्बंध अधिकारही रद्द झाला. पुढे १९६३ मध्ये संसदेने दुरुस्ती केली. तीनुसार यादीत भर घालण्यापूर्वी औषध तंत्र सल्लागार मंडळाचा आणि, केंद्र सरकारला आवश्यक वाटल्यास, आयुर्वेद वा युनानी पद्धतींचे विशेष ज्ञान असलेल्या व्यक्तींचा सल्ला घ्यावयाचा आहे. त्या वाक्याकडे मी पुढे पुन्हा येणार आहे.

हमदर्दच्या निकालावर पुढील पिढीतील विधिज्ञांनी बरीच टीका केली. त्यावेळी न्यायालयासमोर अमेरिकेचा १९४२ चा एक निर्णय होता, ज्यात व्यापारी जाहिरातीस भाषणस्वातंत्र्याचे संरक्षण नाकारले होते. खुद्द अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली ती भूमिका सोडून दिली. आणि योगायोग असा की तोही खटला औषधविक्रेत्यांचाच होता. व्हर्जिनिया राज्यात औषधांच्या किमतींची जाहिरात करणे हे औषधविक्रेत्याचे व्यावसायिक गैरवर्तन समजले जाई. ग्राहक संघटनांनी त्यास आव्हान दिले. लोकांना माहिती मिळाली तर ते स्वतःचे हित स्वतः ओळखतील, त्यांना अज्ञानात ठेवून त्यांचे रक्षण करणे हा मार्ग नव्हे, अशी न्यायालयाची भूमिका होती. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९९५ च्या टाटा प्रेस प्रकरणात व्यापारी जाहिरात अनुच्छेद १९ च्या संरक्षणाखाली येते, असे मान्य केले; मात्र फसव्या, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींचे नियमन करता येईल, हेही सांगितले. टाटा प्रेसचे पीठ हमदर्दच्या पीठाहून लहान. त्यामुळे जुना निकाल रद्द झाला असे म्हणता येत नाही. दोन्ही एकत्रच वाचावे लागतात.

व्हर्जिनियाचा युक्तिवाद मला आकर्षक वाटतो, पण तो किमतीच्या माहितीपुरता. अमुक गोळ्यांची किंमत ८० रुपये आहे हे विधान ग्राहक पडताळून पाहू शकतो. त्या गोळ्यांनी मधुमेह 'मुळापासून' जातो, हे विधान तो पडताळू शकत नाही; औषध घेण्यापूर्वी नाही आणि पुष्कळदा घेतल्यानंतरही नाही. अर्थशास्त्रज्ञ केनेथ अ‍ॅरो यांनी १९६३ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात हेच दाखवून दिले की, वैद्यकीय सेवेत देणारा व घेणारा यांच्या ज्ञानात एवढी तफावत असते की येथे सामान्य बाजाराचे नियम चालत नाहीत. म्हणूनच समाज वैद्याकडून व्यापाऱ्यापेक्षा निराळ्या वर्तनाची अपेक्षा ठेवतो. सार्वजनिक धोरणाचा पाया या तफावतीत आहे. नागरिक मूर्ख असतो म्हणून त्याला ऐकू द्यावयाचे नाही, असा त्याचा अर्थ नाही. रुग्ण असताना आपण सर्वच, वैद्य मंडळीसुद्धा, आशेच्या बाजूने झुकलेले असतो.

एक रुग्ण

काही वर्षांपूर्वी सायंकाळच्या वेळी एका गृहस्थांना त्यांच्या मुलाने चिकित्सालयात आणले. वय पंचावन्नच्या घरातले, मधुमेहाचे जुने रुग्ण, इन्सुलिन चालू असलेले. केबलवरील एका जाहिरातीवरून त्यांनी तीन महिन्यांचा 'कोर्स' मागविला होता. 'आयुर्वेदाचा अपाय नसतो', 'आठवडाभरात इंजेक्शन सुटेल' असे दूरध्वनीवरून सांगण्यात आले आणि त्यांनी इन्सुलिन खरोखरच बंद केले. माझ्यासमोर आले तेव्हा ओठ कोरडे, श्वास खोल व वेगाचा, श्वासाला पिकल्या फळासारखा गंध, शब्द अडखळत. शर्करा मोजण्यात वेळ न दवडता मी त्यांना अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात पाठविले. ते वाचले. डब्यांची पिशवी मात्र माझ्याच टेबलावर राहिली होती. लेबलावर तळाशी, भिंगाविना वाचता न येणाऱ्या अक्षरांत, 'वैद्यकीय सल्ल्याने घ्यावे' असे छापलेले होते.

पंधरा दिवसांनी मुलगा पिशवी न्यायला आला. मी विचारपूस केली. तो एवढेच म्हणाला, "डॉक्टर, तुमचा दोष नाही हो. पण आता घरात आयुर्वेदाचं नाव नको म्हणालीय आई." त्या कुटुंबात तीन पिढ्यांपासून बाळंतकाढा आणि सुंठीचा पाक होत असे, हे मला ठाऊक होते.

त्या जाहिरातीतील वनस्पतींपैकी एकही अशास्त्रीय नव्हती. गुडमार, कारले, जांभूळबी, विजयसार, मेथी. आपणही ती नित्य वापरतो, आणि योग्य रुग्णात, योग्य अवस्थेत, अन्य उपचारांचे भान ठेवून वापरल्यास उपयोगही पाहतो. मग जाहिरातीत खोटे नेमके काय होते? माझ्या मते, 'ज्याला मधुमेह त्याला हे' हा निर्देशच आपल्या शास्त्राशी विसंगत होता. दोष, दूष्य, देश, काल, बल, अग्नी, वय, प्रकृती, सात्म्य पाहून औषधयोजना करावयाची, हे ज्या शास्त्राचे पहिले सूत्र, त्याच्या नावावर एकच डबा लक्षावधी अनोळखी लोकांना पाठविला जातो. सुप्रयुक्त विषही औषध ठरते आणि दुष्प्रयुक्त औषधही विष ठरते, असे चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात बजावले आहे. १९५४ च्या कायद्यातील कलम ३, म्हणजे खऱ्या दाव्यालाही मनाई, आयुर्वेदावर अन्याय करणारे वाटते खरे. पण वैद्याच्या परीक्षणाशिवाय औषध नको, हा जो त्याचा गाभा आहे, तो आपल्याच संहितेच्या भाषेत सांगता येतो. अ‍ॅलोपॅथीच्या उत्पादकांना हा कायदा समानच लागू आहे, हेही आपण बोलताना विसरतो.

नियम १७० चा प्रवास

२१ डिसेंबर २०१८ रोजी केंद्र सरकारने औषध व सौंदर्यप्रसाधन नियमांत नियम १७० समाविष्ट केला. आयुर्वेद, सिद्ध व युनानी औषधांच्या उत्पादकांनी व्याधींचे निदान, उपचार, प्रतिबंध यांसाठी औषधाची जाहिरात करू नये. अन्य जाहिरातींसाठी राज्याच्या परवाना अधिकाऱ्याकडे अर्ज करून विशिष्ट ओळख क्रमांक घ्यावा, असे त्याचे स्वरूप. अश्लील, अतिरंजित, नामवंतांची वा शासकीय अधिकाऱ्यांची प्रशस्तिपत्रे असलेल्या जाहिरातींचे अर्ज फेटाळावयाचे होते. उत्पादकांनी निरनिराळ्या उच्च न्यायालयांत त्यास आव्हान दिले. २९ ऑगस्ट २०२३ रोजी आयुष मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून या नियमाखाली कारवाई करू नये असे कळविले. नियम अस्तित्वात, पण तो अंमलात आणू नका! संसदेने केलेल्या कायद्याखालील नियम साध्या पत्राने निष्प्रभ करता येतो काय, हा प्रश्न कोणत्याही विधी महाविद्यालयाच्या प्रश्नपत्रिकेत शोभावा असा होता.

तो सर्वोच्च न्यायालयापुढे आला इंडियन मेडिकल असोसिएशनने पतंजली आयुर्वेदच्या जाहिरातींविरुद्ध २०२२ मध्ये दाखल केलेल्या याचिकेत. वृत्तपत्रांनी त्या खटल्यातील अवमान-नोटीस, माफीनाम्याचे आकारमान इत्यादी भाग रंगवून सांगितला. आपल्या दृष्टीने महत्त्वाचा भाग निराळा. ७ मे २०२४ रोजी न्यायालयाने जाहिरातदारांना प्रसिद्धीपूर्वी स्वयंघोषणापत्र देण्यास सांगितले, आणि जाहिरातीत झळकणाऱ्या नामवंतांनाही जबाबदार धरण्याची भूमिका घेतली. त्याच सुनावण्यांत याचिकाकर्त्या संघटनेलाही, आपल्या सदस्यांकडून महागडी औषधे लिहून देण्याच्या तक्रारींवरून, आधी स्वतःचे घर सावरा असे न्यायालयाने सुनावले. १ जुलै २०२४ रोजी मंत्रालयाने नियम १७० वगळणारी अधिसूचना काढली. २७ ऑगस्टला न्यायालयाने तिला स्थगिती दिली. अखेरीस ११ ऑगस्ट २०२५ रोजी न्यायालयाने ही याचिका निकाली काढली आणि वगळण्याच्या निर्णयाविरुद्ध कोणास दाद मागावयाची असल्यास उच्च न्यायालयाचा मार्ग मोकळा ठेवला.

नियम गेल्याचा आनंद काही उत्पादक मित्रांनी बोलून दाखविला. त्यांचे एक म्हणणे मला पटते. बोलण्यापूर्वी सरकारी अधिकाऱ्याची परवानगी घ्यावयाची, ही पद्धत संविधानशास्त्रात नेहमीच संशयास्पद मानली गेली आहे. आणि वर्षाला चार-दोन पत्रके काढणाऱ्या लहान फार्मसीला अर्ज, शुल्क व प्रतीक्षा यांचा जो जाच होतो, तो कोट्यवधींचा जाहिरातखर्च करणाऱ्या कंपनीस होत नाही. पण नियम १७० गेला म्हणजे रान मोकळे झाले, हा निष्कर्ष सपशेल चुकीचा आहे. १९५४ चा अधिनियम जागेवर आहे. औषध व सौंदर्यप्रसाधन अधिनियमातील कलम ३३-ई नुसार लेबलावर वा औषधासोबतच्या कागदावर खोटा दावा असलेले आयुर्वेदीय औषध 'मिथ्याछाप' ठरते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली केंद्रीय प्राधिकरण दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकते. पूर्वपरवानगीचे कुंपण काढले गेले, एवढेच; विहीर आहे तेथेच आहे.

आत्मप्रशंसा करणारा वैद्य

कायदा आणि वैद्यधर्म यांच्यातील फरक येथे स्पष्ट करावासा वाटतो. कायदा वाक्य तपासतो : ते निषिद्ध आहे काय, खोटे आहे काय. वैद्यधर्म बोलणारा तपासतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकोणतिसाव्या अध्यायात प्राणाभिसर आणि रोगाभिसर अशा दोन प्रकारच्या वैद्यांचे वर्णन आहे. रोगाभिसर कसा ओळखावा? वैद्याचा वेश घालून तो गावोगाव फिरतो. कोणी आजारी असल्याचे कानी येताच तिकडे धाव घेतो. लोकांना ऐकू जाईल अशा बेताने स्वतःचे गुण मोठ्याने गातो. आधी उपचार करीत असलेल्या वैद्याचे दोष पुन्हापुन्हा उगाळतो. रुग्णाच्या आप्तांना गोड बोलून, भेटी देऊन वश करतो. आपल्याला फारसा मोबदला नको असे भासवितो. गुण न आल्यास साधने अपुरी होती, परिचारक नव्हते, रुग्णानेच पथ्य पाळले नाही, असे खापर फोडतो. आणि रुग्ण अत्यवस्थ झाला की काढता पाय घेतो. दूरध्वनीवरून 'कोर्स' विकणाऱ्या कोणत्याही यंत्रणेच्या कार्यपद्धतीशी हे ताडून पाहावे. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायातील शिष्योपनयनविधीत तर ज्ञानी असूनही आपल्या ज्ञानाची फार बढाई मारू नये, असा स्पष्ट उपदेश आहे.

याचा अर्थ संहिताकारांनी जाहिरातबंदीचा कायदा केला होता असे मात्र कोणी म्हणू नये. तसे म्हणण्याची हौस आपल्याकडे दांडगी आहे. राज्याच्या हस्तक्षेपाची कल्पना मात्र त्यांना परकी नव्हती. वैद्याने राजाची अनुज्ञा मिळाल्यावरच व्यवसायात प्रवेश करावा, असे सुश्रुताचार्य सांगतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात चिकित्सेतील चुकीमुळे मृत्यू झाल्यास दंडाची तरतूद आहे. वैद्याच्या विवेकावर सर्व काही सोपवून त्या काळचा समाज स्वस्थ बसला नव्हता.

लेबलावरील 'अधिकार'

आता एका अशा प्रश्नाकडे वळतो, ज्याचे समाधानकारक उत्तर मला मिळालेले नाही, आणि जो आपल्या फार्मसीमालकांच्या रोजच्या व्यवहारातला आहे. औषध व सौंदर्यप्रसाधन नियमांतील नियम १६१ असा आहे की, ग्रंथोक्त औषधाच्या लेबलावर घटकद्रव्यांसोबत प्रमाणग्रंथातील निर्माणपद्धतीचा व अधिकरणाचा संदर्भ द्यावा. म्हणजे चंद्रप्रभा वटीच्या वा अन्य कल्पाच्या लेबलावर ग्रंथनामासह 'प्रमेहाधिकार' असे छापणे ही कायद्याची आज्ञापूर्ती. दुसरीकडे १९५४ च्या अधिनियमात 'लेबल' हीसुद्धा जाहिरात आहे, आणि परिशिष्टात मधुमेह आहे. एक कायदा लिहावयास सांगतो, दुसरा लिहू नका म्हणतो, अशी स्थिती निर्माण होते काय?

माझे मत असे. कलम ३ ज्या जाहिरातीला मनाई करते, ती त्या औषधाचा वापर करण्यास सुचविणारी वा उद्युक्त करणारी असावी लागते. अधिकाराचा निर्देश हा औषधाची ओळख पटविणारा संदर्भ आहे. ग्रंथालयातील पुस्तकावरील वर्गांक जसा असतो तसा. 'प्रमेहाधिकार' हा शब्द वाचून सामान्य ग्राहक औषध घ्यावयास धावत नाही. तो शब्द वैद्याला कळतो. परंतु त्याच लेबलावर ग्लुकोमीटरचे चित्र, 'शुगर कंट्रोल' हे उपनाव आणि तळहातावर करंजी ठेवलेली हसरी आजी आली, की संदर्भाची जाहिरात होते. शिवाय प्रमेह म्हणजे मधुमेह नव्हे आणि मधुमेह म्हणजे तंतोतंत डायबेटिस नव्हे, हे आपण जाणतो. परिशिष्टातील इंग्रजी नावांना आयुर्वेदीय व्याधीनावांशी जोडताना तपासनीस अधिकाऱ्याने कोणता कोश उघडावा, हे कुठेही सांगितलेले नाही. एकाच लेबलावर एका जिल्ह्यात आक्षेप आणि दुसऱ्यात नाही, असे त्यामुळे घडू शकते, आणि त्याचा भुर्दंड प्रामाणिक निर्मात्याला बसतो.

फेब्रुवारी २०२० मध्ये आरोग्य मंत्रालयाने या अधिनियमाच्या दुरुस्तीचा मसुदा प्रसिद्ध केला होता. त्यात व्याधींची संख्या ५४ वरून ७८ करण्याचे आणि पहिल्या अपराधास दोन वर्षांपर्यंत कारावास व १० लाखांपर्यंत दंड, पुन्हा केल्यास पाच वर्षे व ५० लाख, असे प्रस्तावित होते. शिक्षा वाढविण्यावर त्या वेळी सर्वत्र चर्चा झाली. व्याधीनावांच्या या गोंधळावर फारशी झाली नाही. हमदर्दच्या निकालानंतर १९६३ मध्ये कायद्यात आलेले, आयुर्वेदाचे विशेष ज्ञान असलेल्या व्यक्तींचा सल्ला घेण्याविषयीचे ते वाक्य याच ठिकाणी उपयोगी पडावयास हवे. सरकारला आवश्यक वाटल्यासच असा सल्ला घेतला जाणार असल्याने, तो आवश्यक का आहे हे आपणच दाखवून द्यावयास पाहिजे. परिशिष्टातील प्रत्येक नावासमोर संबंधित आयुर्वेदीय व्याधी वा अधिकार कोणता, कोणता अंशतः जुळतो आणि कोणता मुळीच जुळत नाही, असा तक्ता संघटनेच्या कायचिकित्सा, रसशास्त्र व भैषज्यकल्पना विषयांतील अध्यापक सदस्यांनी तयार करावा, अशी माझी सूचना आहे. सोबत आपापल्या फार्मसीच्या लेबलांचे नमुने सदस्यांनी पाठविल्यास, संदर्भ कोठे संपतो आणि प्रलोभन कोठे सुरू होते, हे उदाहरणांनी दाखविता येईल. असा तक्ता अन्न व औषध प्रशासनाच्या परवाना अधिकाऱ्यांकडे आणि आयुष मंत्रालयाकडे एकाच वेळी जावा. ज्वर आणि स्त्रीरोग ही 'सर्वसाधारण' नावे प्रथम हाती घ्यावीत. आपल्या दुकानांतील निम्मी-अधिक ग्रंथोक्त औषधे कोणत्या ना कोणत्या अर्थाने त्या दोन ओळींखाली येतात.